मिसेस लेनर्टच्या वडिलांची फीत

धर्मराज मेश्रामला पट्ट्यांमधलं कळतं, ही गोष्ट मिशिगनमधल्या ट्रॉय गावात दोनच ठिकाणी मान्य होती. एक त्याच्या कंपनीत, जिथे तो गेली अकरा वर्षं मोटारींच्या सीटबेल्टचं कापड ओढून, घासून, भिजवून तपासत होता. आणि दुसरी शेजारच्या मिसेस लेनर्टच्या घरी. त्याच्या स्वतःच्या घरी ती मान्य नव्हती. बायकोच्या, म्हणजे रत्नाच्या मते त्याला एवढंच कळत होतं की गाडीत बसलं की पट्टा लावायचा, आणि तेही तो दुसऱ्यांनाच सांगत असे.

मिसेस लेनर्ट पंच्याऐंशी वर्षांच्या. बारा वर्षांच्या असताना आईबरोबर जर्मनीहून डेट्रॉईटला आल्या, त्या इथल्याच झाल्या. "मला ट्रूडी म्हण," असं त्यांनी धर्मराजला ओळखीच्या पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. आता आईपेक्षा मोठ्या बाईला नुसतं ट्रूडी म्हणणं नागपुरात वाढलेल्या जिभेला जमत नाही, आणि मिसेस लेनर्ट म्हटलं की त्या रागावत. त्यामुळे नऊ वर्षं धर्मराजने त्यांना कशानेच हाक मारली नव्हती. तो कुंपणापाशी जाऊन खाकरायचा, त्या वळून बघायच्या, की झालं बोलणं सुरू.

शहाण्णव सालच्या सप्टेंबरात एका संध्याकाळी खाकरण्याची वेळच आली नाही. मिसेस लेनर्टनीच त्याला हाक मारून व्हरांड्यात बसवलं आणि हातात एक जुना लिफाफा दिला. मुलगा रॉबर्ट त्यांना दुसऱ्या राज्यात, ईडन प्रेरीला, स्वतःच्या घराजवळच्या एका वृद्धाश्रमात नेणार होता. घर विकलं गेलं होतं, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी निघायचं होतं, आणि कपाटं आवरताना हे सापडलं होतं. लिफाफ्यात बोटाएवढी एक पत्र्याची पट्टी होती आणि तिच्यावर शेजारी शेजारी शिवलेले दोन फितींचे तुकडे. जर्मन सैनिक रोजच्या गणवेशावर अख्खी पदकं न लटकवता फक्त त्यांच्या फितींचे तुकडे लावत, ही माहिती त्यांनी पुरवली. पदकं कुठे गेली ते ठाऊक नव्हतं. फितींचे रंग कोणते तेही त्यांना सांगता येईना, कारण मोतीबिंदूमुळे गेली काही वर्षं सगळं जगच त्यांना चहात बुडवल्यासारखं दिसत होतं; आणि व्हरांड्यात अंधारून आल्यामुळे धर्मराजलाही ते नीट दिसले नाहीत.

"वडिलांनी मला कधी उचलून घेतलं नाही," त्या म्हणाल्या. "लढाईतून रजेवर आले की आधी अंगणातल्या पंपावर हात धुवायचे. धुतच राहायचे. मग लांबच्या खुर्चीत जाऊन बसायचे. मी जवळ गेले की उठायचे. आई म्हणायची, त्या हातांनी काय काय केलंय कुणास ठाऊक, तू त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. मी आठ वर्षांची असताना ते गेले. तुला रिबिनीतलं कळतं, धर्मा. मला एवढंच सांग, त्या हातांनी माणसं मारली होती का?"

सीटबेल्ट तपासणाऱ्याला हे कसं कळणार, असं धर्मराजने म्हणायला हवं होतं. पण पंच्याऐंशी वर्षांच्या बाईने एवढ्या विश्वासाने काही विचारलं, की माणूस आपली पात्रता विसरतो. "मी शोधून काढतो," तो म्हणाला, आणि लिफाफा घेऊन घरी आला. तो त्याने स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि जेवायला बसला.

इथे वाचकाला एक गोष्ट सांगून ठेवायला हवी, कारण धर्मराजला ती कळायला दोन महिने लागले. नागपूरहून त्याची आई सहा महिन्यांसाठी आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ओटा पुसताना तिने लिफाफा उघडला. आत कापडाचा तुकडा, आणि त्याला कसर लागलेली. एका फितीचे तर चार लाल धागेच उरले होते. घरात कसर आलेली आईला खपत नसे. तिने ओल्या फडक्याने तो तुकडा टिपला. खरं तर कडुनिंबाचा पाला हवा होता, पण मिशिगनमध्ये तो कुठून आणणार. तेव्हा तिने मिसळणाच्या डब्यातली चिमूटभर हळद घेऊन दोन्ही फितींना नीट चोळली, तासाभराने झटकली, आणि लिफाफा होता तिथे ठेवून दिला. ही गोष्ट कुणाला सांगावी असं तिला वाटलं नाही. आपण काही पुण्यकर्म करतो ते काय दवंडी पिटण्यासाठी करतो का?

त्या संध्याकाळी धर्मराजने दिव्याखाली पट्टी धरली आणि वहीत लिहिलं: फीत क्रमांक एक, पिवळी, दोन्ही कडांजवळ काळा पट्टा. फीत क्रमांक दोन, बहुतेक नष्ट, लाल धागे. अकरा वर्षं रंग तपासण्यात घालवलेला माणूस तो. नोंद अगदी व्यवस्थित होती.

मग संशोधन सुरू झालं. गावच्या ग्रंथालयातल्या बाईंनी जर्मन पदकांवरचं एक भलं जाड पुस्तक काढून दिलं. त्यात तीनशे फितींची चित्रं होती आणि सगळी काळी-पांढरी होती. धर्मराज ते पुस्तक जेवणाच्या सुट्टीत चाळायला कंपनीत घेऊन गेला. मुखपृष्ठावर हातभर लोखंडी क्रूस, जर्मन फौजेचं ते प्रसिद्ध पदक. दुपारी तीन वाजता मनुष्यबळ खात्याच्या बाईंनी त्याला बोलावून घेतलं आणि अतिशय मऊ आवाजात विचारलं, की हे वाचन तो कोणत्या भावनेने करतो. शेजारधर्माच्या, असं धर्मराजने सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं, आणि लिहिलेलं त्याच्या फाईलमध्ये गेलं.

रविवारी बुद्धवंदनेला जमणाऱ्या मंडळींमध्येही बातमी पोचली. जो तो खीर खाता खाता एकच शब्द विचारी, "हिटलर?" धर्मराज म्हणे, "त्याच्या आधीचं. पहिलं महायुद्ध." माणूस मान डोलावी आणि दुसऱ्याला जाऊन सांगे की धर्मराजकडे हिटलरचं मेडल आहे. जर्मनीतल्या एका दप्तरखान्याला त्याने पत्र लिहिलं, तर त्यांनी सात पानांचा फॉर्म पाठवला. त्यात सैनिकाशी नातं या रकान्यात त्याने 'मुलीचा शेजारी' असं प्रामाणिकपणे भरलं. असं नातं आपल्या यादीत नाही म्हणून फॉर्म परत आला, आणि सोबत एक चिठ्ठी आली की तसंही प्रशियाच्या फौजेचे कागद पंचेचाळीस साली बाँबहल्ल्यात जळाले आहेत. हे आधी सांगितलं असतं तर सात पानं वाचली असती, असं धर्मराजला वाटलं.

शेवटी विवेक मदतीला धावला. विवेक हा वंदनेच्या मंडळींमधला सॉफ्टवेअरवाला, आणि इंटरनेट नावाची गोष्ट सर्व रोगांवरचं औषध आहे असं त्याचं मत होतं. "लायब्ररीत काय जाता यार, भाऊ, न्यूजग्रुपवर टाका," असं म्हणून त्याने धर्मराजच्या नावाने प्रश्न टाकून दिला. चार दिवसांत एक्केचाळीस उत्तरं आली. तीस जणांना पट्टी विकत हवी होती. सहा जणांनी धर्मराजला नाझी ठरवून शिव्या दिल्या होत्या. चौघे प्रशियन गुंड्यांवरून आपापसात भांडत होते. उरलेल्या एकाने टोलीडोच्या हॉलब्रुक नावाच्या जाणकाराचा फॅक्स नंबर दिला होता.

हॉलब्रुक निवृत्त दंतवैद्य होता आणि चाळीस वर्षं जर्मन फिती जमवत होता. धर्मराजने पट्टी कंपनीच्या फॅक्सवर ठेवून पाठवली. अर्ध्या तासात हॉलब्रुकचा फोन आला, की तुम्ही मला चुकून दाढेचा एक्स-रे पाठवला आहे. फॅक्समध्ये रंग जात नाही, हे रंगतज्ज्ञाच्या ध्यानात आलं नव्हतं. मग फोनवरच रंग सांगायचं ठरलं. पिवळा म्हणजे कसा, हॉलब्रुकने विचारलं, लिंबासारखा की सोन्यासारखा? धर्मराजने पट्टी खिडकीशी नेली, डोळे बारीक केले आणि शास्त्रीय अचूकतेने सांगितलं, "टर्मरिक. अगदी टर्मरिक यलो." मागे आई त्याच डब्यातून भाजीत चमचा घालत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तीही काही बोलली नाही.

पुढे रंगीत फोटोही गेला आणि ऑक्टोबरच्या शेवटी हॉलब्रुकचं दोन पानी पत्र आलं. फीत जर्मनीतल्या वुर्टेम्बर्ग राज्याच्या शौर्यपदकाची, याबद्दल त्याला शंका नव्हती. हे पदक कचेरीत बसून मिळत नाही, त्याने लिहिलं होतं. शत्रूसमोर, आघाडीवर, बहुधा हातघाईत काहीतरी करून दाखवल्याशिवाय नाही. खाली त्याने सैनिकाच्या कुटुंबाचं मनःपूर्वक अभिनंदन केलं होतं.

पत्र वाचून धर्मराजने ते घडी करून खिशात घातलं. पुढचे तीन दिवस तो मिसेस लेनर्टना चुकवत राहिला. त्या व्हरांड्यात आल्या की हा गॅरेजमध्ये; त्या पत्रपेटीकडे निघाल्या की हा झाडामागे पानं गोळा करतोय. त्या शरद ऋतूत मेश्रामांच्या अंगणाइतकं स्वच्छ अंगण अख्ख्या गल्लीत नव्हतं. शेवटी रत्ना म्हणाली, की जे कळलं ते सांगून टाका, म्हाताऱ्या माणसाला वाट बघायला लावू नये. ती हॉस्पिटलमध्ये नर्स होती, आणि वाईट बातमी कशी द्यायची हे तिला माहीत होतं. धर्मराजला नव्हतं. तो जाऊन सरळ पत्र वाचायला लागला आणि हातघाई या शब्दापाशी अडखळून थांबला.

"म्हणजे मारली होती," मिसेस लेनर्ट म्हणाल्या.

युद्धात हुकूम असतो, त्यांचाही इलाज नसेल, असं काहीबाही धर्मराज बोलू लागला. त्यांनी त्याच्या हातावर थोपटलं. आपल्याला आधीपासून वाटतच होतं, आता निदान खात्री झाली, असं म्हणून त्यांनी त्याचे आभार मानले. लिफाफा मात्र परत घेतला नाही. ठेव नाहीतर टाकून दे, म्हणाल्या, माझ्या सामानात नको. दुसऱ्या दिवसापासून त्या व्हरांड्यात दिसेनाशा झाल्या. आपल्याला आयुष्यात इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं, आणि यात आपली काही चूकही नाही, असं धर्मराजला दिवसरात्र वाटत राहिलं.

हॉलब्रुक चुकला असेल, ही एकच आशा होती. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी डेट्रॉईटजवळ जुन्या लष्करी वस्तूंचा बाजार भरला, तिथे विवेक त्याला गाडीतून घेऊन गेला. एका टेबलावर दाढीवाला विक्रेता जांभळ्या प्रकाशाचा दिवा घेऊन बसला होता. जुना धागा या दिव्याखाली मंद दिसतो आणि नवा नायलॉनचा धागा चमकतो, अशी त्याची परीक्षा. त्याने धर्मराजची पट्टी दिव्याखाली धरली, आणि पिवळी फीत अशी झळाळून उठली की शेजारच्या टेबलावरची दोन माणसं बघायला आली. बनावट, विक्रेता म्हणाला, गेल्या महिन्यात केलेली असावी. पट्टी कुणी दिली असं त्याने विचारलं. शेजारच्या आजींनी, धर्मराजने सांगितलं. तेव्हा दाढीवाल्याने कीव आल्यासारखं बघून त्याला समजावलं, की अशा आजींपासून जपून राहावं, त्यांचा हा धंदाच असतो.

विवेक परतीच्या वाटेवर हसत होता. धर्मराज हसला नाही. शौर्यपदक खोटं निघालं तर बरंच होतं की. पण मिसेस लेनर्ट खोट्या? नऊ वर्षं ज्या बाईने त्याच्या घरासमोरचा बर्फ आधी काढला आणि मग स्वतःच्या घरासमोरचा, तिला एक दाढीवाला लबाड म्हणतो? धागा नायलॉनचा आहे की नाही हे ठरवायला त्याच्यासारखा माणूस मिशिगनमध्ये दुसरा नव्हता. सोमवारी सकाळी तो पट्टी घेऊन आपल्या प्रयोगशाळेत शिरला आणि आतून कडी लावली.

सूक्ष्मदर्शकाखाली नायलॉनचा मागमूस नव्हता. जुनं, दमलेलं, अस्सल रेशीम. दाढीवाला चुकला, इथवर झालं. पण मग फीत चमकली का? सवयीने धर्मराजने पुढची परीक्षा केली, जी तो रोज सीटबेल्टची करतो: पांढऱ्या कापडाचा तुकडा साबणाच्या पाण्यात भिजवून फितीच्या कोपऱ्यावर हलकेच घासायचा, म्हणजे रंग पक्का की कच्चा ते कळतं. त्याने घासलं, आणि बघता बघता पांढऱ्या कापडावर कुंकवासारखा लालभडक डाग उमटला.

धर्मराज त्या डागाकडे बघत बसला. पिवळ्या फितीतून लाल रंग? असा रंग त्याने अकरा वर्षांत कंपनीत पाहिला नव्हता. पण घरी पाहिला होता. शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडलं, आणि आई ओरडायच्या आत आपणच त्याला साबण लावला, की असाच लाल डाग पडायचा. त्याने घरी फोन लावला.

"आई, जर्मन बाईंच्या त्या पट्टीला तू काही लावलंस का?"

"हळद."

"कशाला?"

"कसर लागली होती. इथं कडुनिंब आहे का तुमच्याकडं?"

आधी तिचा रंग कोणता होता, असं त्याने जिवाच्या आकांताने विचारलं. पांढरा, आई म्हणाली, मळका होता पण पांढराच. मग दोन महिने बोलली का नाहीस? यावर आईने सांगितलं, की मला विचारलं कुणी, तू तर सगळं त्या दाताच्या डॉक्टरलाच विचारत होतास.

त्याने लगेच हॉलब्रुकला फोन केला. हळद म्हणजे काय, ती रेशमाला का चोळली आणि ती जांभळ्या दिव्यात का चमकते, हे सगळं दंतवैद्याने शांतपणे ऐकून घेतलं. पांढऱ्या फितीवर दोन काळे पट्टे असतील, तो अखेर म्हणाला, तर तो लोखंडी क्रूसच, पण निराळा. लढणाऱ्या सैनिकांना तो काळ्या फितीवर मिळे. पांढरी फीत त्यांची, जे लढले नाहीत पण लढाईच्या कामी राबले. "मात्र या वेळी आधी ती पांढरी करा, मग फोन करा," हॉलब्रुक म्हणाला. "हळदीच्या खाली काय आहे हे मी अंदाजाने सांगणार नाही. माझा एकदा अपमान झाला आहे."

धर्मराजचंही मत तेच होतं. एकदा बातमी सांगून तो त्या बाईंना घरात बसवून आला होता. दुसऱ्यांदा बातमी न्यायची तर ती डोळ्यांनी पाहून न्यायची. आणि त्या निघायच्या शनिवारला पाच दिवस उरले होते.

सल्ले येऊ लागले. विवेक म्हणाला ब्लीच. वंदनेच्या मंडळींमधल्या नीलाकाकू म्हणाल्या दही आणि लिंबू, रात्रभर. आई म्हणाली, काही लावू नका, लावून लावून तर हे झालंय. उन्हात ठेवा, हळद उन्हाला टिकत नाही. हे शास्त्रालाही मान्य होतं. धर्मराजच्या कंपनीत तर एक सूर्यच होता, कपाटाएवढा, विजेवर चालणारा, सीटबेल्टचे रंग उडतात का ते तपासण्यासाठीचा. तो वापरण्यासाठी त्याने मंगळवारी अर्ज भरला. ग्राहकाचं नाव या रकान्यात त्याने लिहिलं, ट्रूडी लेनर्ट. साहेबांनी अर्ज परत पाठवला आणि विचारलं, की ही बाई कोणत्या मोटारी बनवते. मनुष्यबळ खात्यातली ती फाईल आठवून धर्मराजने तो नाद सोडला. मग खराच सूर्य उरला.

नोव्हेंबरातल्या मिशिगनमध्ये खरा सूर्य मागायचा म्हणजे हद्द झाली. मंगळवारी आभाळ भरलेलं. बुधवारी पाऊस, आणि मग पावसाचाच बर्फ. आईने कोरं फडकं घालून पाटावर पट्टी मांडून ठेवली होती आणि दर तासाला ती खिडकीतून आभाळाकडे अशी बघे, की एखाद्याला लाज वाटली असती. गुरुवारी अकरा वाजता दिवाणखान्यात टीचभर ऊन पडलं. आई पाट घेऊन त्या उन्हामागे फिरू लागली: सोफ्याजवळ, मग टीव्हीपाशी, मग जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर. दोनला ऊन गेलं तेव्हा हळदीचं लिंबू झालं होतं. शुक्रवारी हाडं गोठवणारी थंडी आणि लख्ख ऊन. आईने नऊवारीवर धर्मराजचा जाड कोट चढवला, कानटोपी घातली, आणि मागच्या अंगणात खुर्ची टाकून खारींपासून पट्टी राखत संध्याकाळपर्यंत बसली. रत्नाने तिला चारदा चहा नेऊन दिला. धर्मराज आला तेव्हा फीत धुवट धोतरासारखी पांढरी झाली होती आणि तिच्यावर दोन काळे पट्टे स्वच्छ दिसत होते.

हॉलब्रुक फोनवर लगेच काही कबूल करेना. पुन्हा पुन्हा विचारून त्याने खात्री केली. मग म्हणाला, की पांढरी फीत पक्की. आणि तिच्या शेजारी ते लाल धागे असतील, तर ती बहुधा रेड क्रॉसच्या पदकाची फीत. म्हणजे माणूस बहुधा इस्पितळात कामाला असावा. बहुधा हा शब्द त्याने दोनदा वापरला.

शनिवारी सकाळी धर्मराज निघाला तेव्हा आई चपला शोधत होती. चूक माझी, ती म्हणाली, मी येते. मिसेस लेनर्टच्या घरात खोकी भरून झाली होती. उरलेल्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर त्या कोट घालून बसल्या होत्या, कारण रॉबर्ट बाराला येणार होता. धर्मराजने पट्टी त्यांच्या पुढ्यात धरली आणि सगळं सांगून टाकलं: कसर, हळद, दाढीवाला, साबण, ऊन. रंग दिसत नव्हता म्हणून त्यांनी बोट फिरवून बघितलं. आई पदर सावरून उभी होती.

"ही फीत मारणाऱ्यांची नाही, ट्रूडी," धर्मराज म्हणाला. "तुमचे वडील इस्पितळात होते."

त्याने पहिल्यांदाच त्यांना नावाने हाक मारली होती, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. मग त्यांनी विचारलं, की असं असेल तर मग त्यांनी मला कधी उचललं का नाही. मारलं नव्हतं कुणाला, तर मग मीच नको होते का?

आईने धर्मराजची बाही ओढली आणि विचारलं, बाई काय म्हणते. त्याने सांगितलं. आईने दुसरी खुर्ची ओढून मिसेस लेनर्टच्या समोर घेतली आणि बसली.

"माझा बाप नागपुरात पटकीच्या दवाखान्यात होता," ती म्हणाली. "झाडू मारायचा, मढी उचलायचा. घरी आला की बाहेरच अंघोळ करायचा, अन् उंबऱ्याबाहेर बसायचा. आम्ही लेकरं धावलो की हातात काठी घ्यायचा. दुसरे लोक आम्हाला शिवत नव्हते, ते ठाऊक होतं. पण बापही शिवायचा नाही, ते काही कळायचं नाही. मला वाटायचं त्याला पोरी नको. तो मेल्यावर मायनं सांगितलं. दवाखान्यातलं काही घरी येईल, आम्हाला लागेल, असं भ्याव होतं त्याला. सांग तिला. माया होती म्हणून लांब बसायचा, म्हणावं."

धर्मराजने ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. त्याच्याच आजोबांची ती, आणि पहिल्यांदा ऐकत असतानाच त्याला ती इंग्रजीत सांगायची होती. त्याने शब्द न् शब्द सांगितला. मिसेस लेनर्ट त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या आईकडे बघत होत्या.

"ते रात्री दारात येऊन उभे राहायचे," त्या हळूच म्हणाल्या. "मी झोपेपर्यंत. आत यायचे नाहीत. मला भीती वाटायची. त्यांनी जावं म्हणून मी झोपेचं सोंग घ्यायचे."

धर्मराजने ते आईला सांगितलं. तिने पुढे होऊन मिसेस लेनर्टचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि धरून ठेवले. आपण आता इथे नको, हे धर्मराजला त्याच्या मानाने बरंच लवकर समजलं, आणि तो खोकी बाहेर नेऊन ठेवायच्या निमित्ताने उठला.

बाराऐवजी एकला रॉबर्टची गाडी आली. त्याच्याबरोबर धर्मराज आत गेला तेव्हा दोघी तशाच बसलेल्या होत्या. मिसेस लेनर्ट बोलत होत्या, भराभर, लहान मुलीसारख्या, आणि इंग्रजीत नव्हे. रॉबर्ट दारातच थबकला. आपल्या आईला त्याने जर्मन बोलताना कधी ऐकलं नव्हतं, असं त्याने धर्मराजला कुजबुजून सांगितलं. आई मान हलवत ऐकत होती, आणि त्या श्वास घ्यायला थांबल्या की म्हणत होती, "हो बाई, हो."